शेवटची घंटा आपणच द्यायची



'नोकरी आणि घर' या विषयावर मला पाच मिनिटं दिली आहेत. मी बँकेत शाखाधिकारी, आमचे हे एमआयडीसीत शिफ्टमध्ये. त्यामुळे विषय अभ्यासक्रमातलाच आहे!

शाळेत एक बरं होतं. शेवटची घंटा झाली की गणित अर्धं राहिलं तरी सर खडू खाली ठेवायचे. नोकरीत ती घंटा नाही. मोबाईल आल्यापासून तर ऑफिस आपल्याबरोबर घरी येतं आणि जेवायलाही बसतं.

कामाची खरी निकड मी पाहिली आहे. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी जाहीर झाली. 10 तारखेला बँका उघडल्या, त्या 12 आणि 13 ला शनिवार-रविवार असूनही चालू होत्या. रात्री उशिरापर्यंत आम्ही रोकड जुळवत बसायचो. घर सासूबाईंनी आणि ह्यांनी सांभाळलं. कुणी कुरकुर केली नाही, कारण हे दिवस संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस अशा दिवसांनी खचत नाही. साधा मंगळवारही नोटाबंदीसारखा जगायला लागलो, की खचतो.

'माझ्याशिवाय अडेल' असं आपल्याला वाटतं. रिझर्व्ह बँकेला तसं वाटत नाही! ट्रेझरी, करन्सी चेस्ट अशा संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान 10 कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, असा तिचा नियम आहे. हा काही आपल्यावरचा लोभ नव्हे, गैरव्यवहार असेल तर तो उघडकीस यावा म्हणून. मी चेस्टला असताना मलाही अशी रजा मिळाली. दोन दिवस हात सारखा फोनकडे जायचा. परत गेले तेव्हा सगळी रजिस्टरं जागच्या जागी होती.

त्यानंतर घरी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ह्यांच्या शिफ्ट, माझं ऑडिट, मार्चअखेर, लेकीच्या परीक्षा, सासूबाईंची तपासणी, सगळं लिहायचं. जड आठवडा आधीच दिसतो. दुसरं, घरकामाला 'मदत' म्हणायचं नाही. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळचा स्वयंपाक ह्यांचा, म्हणजे ह्यांचाच. तिसरं, रात्री आठनंतर फोन फळीवर. आग, चोरी असेल तर शाखेतून फोन येतो, बाकीचं सकाळी.

आपण आता पन्नाशीच्या घरात आहोत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा 2021 चा अभ्यास सांगतो, की आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो. ताण असह्य झाला, झोप उडाली, तर बोला. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

शेवटी एक विनंती. आपल्यातले बरेचजण आता साहेब झालेत. रात्री दहाला हाताखालच्या पोराला मेसेज टाकणारेही आपणच. तो मेसेज सकाळी टाका. त्याच्या घरीही कुणीतरी ताट वाढून वाट बघत असतं.