मजुरी, संसार आणि मूल
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरते, त्या दिवशी मराठवाड्यातील व नगर भागातील अनेक गावांच्या हजेरीपटावर एकच दृश्य दिसते. पटावर नावे तितकीच असतात. पण हाकेला ‘हजर’ असे उत्तर देणारी मुले मात्र कमी झालेली असतात. त्यांचे आईबाप ऊसतोडणीला गेलेले असतात आणि त्यांच्यामागोमाग मुलेही गेलेली असतात. अशा वेळी शिक्षकाच्या तोंडून सहज एक वाक्य निघून जाते: ‘या पालकांना शिक्षणाची किंमतच नाही.’ हे वाक्य उच्चारावयास सोपे आहे. परंतु ते कितपत न्यायाचे आहे, याचा विचार प्रथम झाला पाहिजे.

तोडणीचा व्यवहार मोठा विलक्षण आहे. तेथे नवरा व बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पावसाळ्यात, घरातील धान्य सरत आले असता, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती पुढील सहा महिन्यांत अंगमेहनतीने फेडावयाची असते. मजुरी टनावर, एक दिवस खाडा पडला तर मजुरी बुडते आणि पुष्कळदा वर दंडही कापला जातो. तोडलेला ऊस फार काळ पडून राहिला तर त्यातील साखर घटते. म्हणून गाडी येईल त्या वेळी, मग ती रात्रीची का असेना, मोळ्या वाहून ती भरावीच लागते. अशा कामात ‘आज मूल आजारी आहे, आज रजा द्या’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

त्यातही मातेचा दिवस दुहेरी असतो. पहाटेपूर्वी उठून कोपीपुढील चुलीवर भाकरी थापावयाच्या, पाणी आणावयाचे, उजाडण्याच्या सुमारास फडात उभे राहावयाचे आणि परतल्यावर पुन्हा चूल पेटवावयाची. तान्हे मूल फडाच्या बांधावर झोळीत निजते आणि त्याला सांभाळण्यास आठनऊ वर्षांची बहीण बसते. ही बहीण म्हणजेच पटावरील ती गैरहजर मुलगी होय. ती शाळा चुकवीत नसते. ती एका कुटुंबाची मजुरी चालू ठेवीत असते. हे एकदा ध्यानी आले म्हणजे पालकांवरील राग मावळतो आणि प्रश्नाचे खरे स्वरूप समोर येते. पोटासाठी मजुरी करावी की मुलाचे संगोपन करावे, असा पेच त्या आईबापांपुढे असतो. आणि त्या पेचाची किंमत मूल आपल्या शिक्षणाने भरीत असते.

हा पेच केवळ घरातील मंडळींनी सोडवावयाचा नाही, हे तत्त्व कायद्याने पूर्वीच मान्य केले. 1948 च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक ठरविले. 1976 साली ही संख्या तीसवर आणण्यात आली. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की, कामावर सहा वर्षांखालील पाच अथवा अधिक मुले आली असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करून तिलाही मजुरी द्यावी. मूल सांभाळणे हे देखील काम आहे, ही मान्यता त्या तरतुदीत होती. परंतु उसाचा फड म्हणजे कारखान्याच्या चार भिंती नव्हेत. तेथवर अशी सोय क्वचितच पोहोचली.

मग शाळेने काय करावे? याचे एक उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केले आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वारली पाड्यांतील मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेता दोन कारणे ठळकपणे दिसली: मुलींना लहान भावंडे सांभाळावी लागत आणि मुलांना गुरे राखावी लागत. तेव्हा त्यांनी पालकांना बोल लावला नाही; शाळेचीच घडी बदलली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी केली, म्हणजे भावंडाला घेऊन आलेली बहीण स्वतःही शिकू लागली. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात नेली. जेथे मूल येऊ शकत नव्हते तेथे शाळा गेली, एवढेच त्या प्रयोगाचे मर्म.

प्रत्येक शिक्षकास कोसबाड उभारता येणार नाही. पण काही गोष्टी त्याच्या हातच्या आहेत. उचल घेण्यापूर्वीच, म्हणजे पावसाळ्यात, त्याने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करावी. पालकांची भेट दुपारी शाळेत न ठेवता सांजवेळी त्यांच्या अंगणात घ्यावी. कारण दुपारच्या सभेला येणे म्हणजे अर्धी मजुरी गमावणे होय. मूल आजीपाशी राहू शकेल काय, हंगामी वसतिगृहाची सोय आहे काय, हे शांतपणे विचारावे. मूल गावी राहिले तर आठवड्यातून एकदा त्याचे आईशी दूरध्वनीवर बोलणे घडवावे. ज्याला आईचा आवाज ऐकू येतो ते मूल तग धरते. भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीस दारातून परत पाठवू नये. धाकट्यास अंगणवाडीत बसवून थोरलीस वर्गात घ्यावे. जे मूल जाणारच, त्याच्याबरोबर त्याची इयत्ता व झालेला अभ्यास लिहून द्यावा, म्हणजे तिकडील शाळेत त्यास बसता येईल. आणि उन्हाळ्याच्या तोंडी ते परतले म्हणजे त्यास मागच्या बाकावर न टाकता, जेथे धडा सुटला तेथून पुन्हा हाती धरावे.

आणखी एक गोष्ट वर्गातच घडू शकते. झाडणे व पाणी भरणे ही कामे मुलींनीच करावयाची, असा पाठ शाळेने नकळत देऊ नये. आज जो मुलगा वर्ग झाडतो व धाकट्या भावाचे तोंड धुतो, तो उद्या बाप झाल्यावर कोपीतील चुलीपाशी पत्नीस एकटी सोडणार नाही.

अनेक शिक्षकशिक्षिका स्वतःही नोकरी व संसार यांची ओढाताण सोशीत असतात. तापलेले मूल शेजारणीपाशी ठेवून दहा मैलांवरील शाळा गाठणाऱ्या शिक्षिकेस फडातील मातेचे मन निराळे समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच की, शिक्षिकेस रजेचा अर्ज लिहिता येतो. त्या मातेस तोही अधिकार नाही. म्हणून दिवाळीनंतर पटावर ‘गैरहजर’ अशी खूण करताना प्रत्येक शिक्षकाने क्षणभर थांबावे आणि ते मूल आज कोणाची झोळी हलवीत आहे, हे स्वतःस विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास जो निघेल, त्याच्या शाळेचा पट चैत्रात पुन्हा भरल्यावाचून राहणार नाही.