गोड बोलणारा मॉरिस
(स्नेहमेळाव्यात सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



सिनेमावर बोल, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, कुठल्या? उत्तर आलं, "प्रेमाचा असू दे, पण रडका नको." म्हणून मी प्रेमाचं नाटक करणाऱ्यावर बोलणार आहे. चित्रपट १९४९ चा, 'द एअरेस'. म्हणजे वारसदार मुलगी. दिग्दर्शक विल्यम वायलर. हेन्री जेम्सच्या 'वॉशिंग्टन स्क्वेअर' या १८८० च्या कादंबरीवरून आधी नाटक झालं आणि नाटकावरून हा चित्रपट.

गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या न्यूयॉर्कची. डॉक्टर स्लोपर नावाजलेले, श्रीमंत, विधुर. त्यांची एकुलती एक मुलगी कॅथरीन लाजरी, साधी, चार लोकांत बोलता न येणारी. भरतकाम मात्र सुरेख करते. आईकडून तिला वर्षाला दहा हजार डॉलर मिळतात, वडिलांच्या पश्चात आणखी वीस हजार मिळायचे आहेत. एका समारंभात तिला मॉरिस टाउनसेंड भेटतो. देखणा, बोलण्यात गोड, खिशात दमडी नाही. वाट्याला आलेला पैसा त्याने युरोप बघण्यात उडवलेला आणि आता मुक्काम विधवा बहिणीकडे.

ही भूमिका माँटगोमेरी क्लिफ्टने केली आहे, आणि खरी गंमत इथे आहे. आपल्या सिनेमातला फसवणारा इसम पडद्यावर आला की मागचं संगीतच आपल्याला सावध करतं. मॉरिस तसा नाही. तो कॅथरीनचं बोलणं लक्ष देऊन ऐकतो. ती अडखळली तर थांबतो. तिच्या बावळट आत्याशीही अदबीनं वागतो. मिरियम हॉपकिन्सने ही आत्या अशी रंगवली आहे की आपापल्या घरातली एखादी आत्या आठवावी! अर्धा चित्रपट होईपर्यंत आपणही म्हणत असतो, अहो डॉक्टर, करून द्या की लग्न.

मग तो खोटा कुठे ठरतो? ते फार साधेपणानं दाखवलंय. वडील कॅथरीनला सहा महिने युरोपला नेतात, पण ती त्याला विसरत नाही. परत आल्यावर पळून जाऊन लग्न करायचं ठरतं, त्याच रात्री. आणि ती भोळेपणानं त्याला सांगून टाकते, की वडिलांशी माझं तुटलं, त्यांचा पैसाही आता मला नको. तो बॅग भरायला म्हणून जातो. ती सामान घेऊन बसते. बाहेर गाडीचा आवाज आला की उठते. गाडी पुढे निघून जाते.

आता इथे हिशोब करा. (आपल्या गणिताच्या सरांना हे आवडेल.) तिचे स्वतःचे दहा हजार शाबूत होतेच. त्या काळी दोघांचा संसार थाटात चालला असता. मॉरिसला गरिबी नको होती असं म्हणावं, तर गरिबी समोर नव्हतीच. तिसातले वीस गेले म्हणून तो गेला. वडिलांनी इतकी चौकशी केली, बहिणीला बोलावून विचारलं, पण त्याची खरी परीक्षा झाली ती मुलीच्या एका खऱ्या वाक्यानं. आत्याचं दुःख तर हेच, की हिनं ते सांगितलंच कशाला.

मॉरिसइतकाच मला डॉक्टर बोचतो. राल्फ रिचर्डसनने हे काम थंडपणानं केलं आहे. डॉक्टरचा मुलाबद्दलचा अंदाज शंभर टक्के बरोबर निघतो. पण त्या अंदाजाचा पाया काय? तर माझ्या मुलीवर कोणी प्रेम करावं असं तिच्यात आहेच काय! हे तो तिला तोंडावर ऐकवतो. तिच्या जमेला धरतो ते फक्त नीटस भरतकाम. मेलेल्या आईशी तर रोजची तुलना. आपण सगळे आता डॉक्टर स्लोपरच्या वयाला आलो आहोत. अनेकांच्या घरी स्थळं येताहेत, ॲपवरून फोटो येताहेत, कुणाच्या मुलीनं स्वतःच कोणाला तरी घरी आणलंय. "मुलगा बरा वाटत नाही" म्हणायचा हक्क आपल्याला आहे. पण ते म्हणताना "तुझ्यात त्याला काय दिसलं?" हे वाक्य किती सहज निसटतं! कॅथरीन मॉरिसच्या जाण्यानं मोडते, पण दगड होते ती या वाक्यानं. वडील मरायला टेकतात, बोलावणं येतं, तरी ती बाहेरच्या बाकावरून उठत नाही.

त्याच वर्षी आपल्याकडे राज कपूरचा 'बरसात' आला होता. त्यात प्रेमनाथचा गोपाळ पहाडातल्या भोळ्या नीलाला पावसात परत येईन असं सांगून जातो. निम्मीचा तो पहिला चित्रपट. नीला वाट बघत संपते, आणि तिच्या चितेपाशी गोपाळला शहाणपण येतं. आमच्या आया या प्रसंगाला रडल्या असतील. मला त्याचा राग येतो. त्याला शहाणं करायला तिनं मरायचं?

कॅथरीन मरत नाही. काही वर्षांनी मॉरिस कॅलिफोर्नियातून परत येतो, मिशा ठेवलेला, थोडा उतरलेला, जीभ मात्र तशीच गोड. तुझा वारसा बुडू नये म्हणूनच मी गेलो, असं म्हणतो. आता घर तिचं, पैसा तिचा. ती ऐकून घेते. पॅरिसहून त्याच्यासाठी आणलेली माणकांची बटणं त्याला देते आणि सामान घेऊन ये म्हणते. पुढचं मी सांगत नाही. ऑलिव्हिया द हॅविलंडला या कामाचं ऑस्कर मिळालं, आणि संगीतासाठी एरन कोपलंडलाही.

जेवणानंतर हॉलमध्ये शेवटची दहा मिनिटं पडद्यावर दाखवायची आहेत. सगळे मॉरिसकडे बघतील, तुम्ही कॅथरीनच्या हातांकडे बघा. ती भरतकामातलं शेवटचं अक्षर पुरं करत असते, आणि दारावरची घंटा वाजत असते.