लस, संमती आणि सात मृत्यू

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



किशोरवयीन मुलींना द्यावयाच्या लशीविषयी गावोगावी ज्या शंका ऐकू येतात, त्यांना अडाणीपणा म्हणून हिणवण्याची सुशिक्षितांची सवय जुनी आहे. प्रत्येक शंकेमागे परकीय कंपनीचे कारस्थान पाहण्याची सवय आपल्या चळवळीतही थोडीफार आहे. या दोन्ही सवयी क्षणभर बाजूला ठेवून खम्ममच्या प्रकरणाकडे पुन्हा पाहिले पाहिजे.

२००९ साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील बडोदे या जिल्ह्यांत, 'पाथ' या अमेरिकी संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राज्य सरकारे यांच्या सहकार्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी लस १० ते १४ वर्षांच्या मुलींना देण्यास आरंभ केला. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा होता. लस मर्क व ग्लॅक्सो या कंपन्यांनी विनामूल्य पुरविली होती. लस मिळालेल्या मुलींची संख्या वीस हजारांहून अधिक होती आणि त्यांत आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. पुढे त्यांपैकी सात मुली मरण पावल्याचे उघड झाले आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला.

लशीनंतर आलेला मृत्यू आणि लशीमुळे आलेला मृत्यू यांत भेद केला पाहिजे. वीस हजार मुलींना लस न देता नुसते वर्षभर पाहत राहिले असते, तरी त्यांतल्या काही दगावल्याच असत्या. या वयातील वार्षिक मृत्युदर हजारी अर्धा धरला, तरी हा आकडा दहा येतो. तेव्हा सात ही संख्या लशीविरुद्धचा पुरावा ठरत नाही. चौकशीत जी कारणे पुढे आली ती कीटकनाशकाची विषबाधा, पाण्यात बुडणे, सर्पदंश, मलेरिया अशी होती. लशीशी त्यांचा संबंध दिसत नाही, असा निर्वाळा चौकशी समितीने दिला. तो मान्य करावयास हरकत नाही. मात्र बारा-तेरा वर्षांच्या मुली सापाने, तापाने आणि कीटकनाशकाने मरतात, हे ऐकून ज्यांना हायसे वाटले, त्यांच्या हायसे वाटण्याचेही नवल वाटल्यावाचून राहत नाही.

खरा अपराध कुपीत नव्हता, कागदावर होता. आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या गृहपालांच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर अंगठे होते. आईबाप दूरच्या पाड्यावर, मुलगी वसतिगृहात, आणि तिच्या शरीराविषयीचा निर्णय सरकारी नोकराच्या लेखणीत! प्रकल्पाला 'चिकित्सालयीन चाचणी' असे न म्हणता 'निरीक्षणात्मक अभ्यास' म्हटले गेले. चाचणी म्हटले की दुष्परिणामांची नोंद, विमा, भरपाई अशी बंधने येतात. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या साऱ्यावर कठोर ताशेरे ओढले. लस राष्ट्रीय कार्यक्रमात शिरली की कंपन्यांना कायमची बाजारपेठ लाभेल, हे गणितही समितीने बोलून दाखविले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात नवे काही नाही.

या बेपर्वाईची किंमत कोणी मोजली? लस सुरक्षित आहे की नाही, हे मोजूनच ठरते. आणि ज्यांनी नोंदच नीट ठेवली नाही, त्यांना लोकांच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. परिणामी भारतात या लशीचे नाव वर्षानुवर्षे बदनाम राहिले. त्याच सुमारास बार्शी, पुणे आदी ठिकाणी दोन मात्रा पुरेत की तीन हव्यात, हे पाहणारा एक वेगळा अभ्यास चालू होता. एप्रिल २०१० च्या स्थगितीने तोही अर्ध्यावर थांबला आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. त्या मुलींचा पाठपुरावा मात्र संशोधकांनी सोडला नाही. दहा वर्षांनी दिसले की एका मात्रेनेही जवळजवळ तितकेच संरक्षण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील आधारांत या मुलींच्या नोंदीही होत्या. त्याच देशात एकीकडे नोंदीची ही चिकाटी होती आणि दुसरीकडे खम्ममचा गृहपाल होता.

जपानची कथाही ऐकण्यासारखी आहे. लस घेतलेल्या काही मुलींना असह्य वेदना, चालताना अडचण अशी लक्षणे दिसल्याची वृत्ते आली आणि जून २०१३ मध्ये सरकारने लशीची शिफारस मागे घेतली. सुमारे सत्तर टक्क्यांवर असलेले लसीकरण एका टक्क्याखाली कोसळले. तेव्हा लशीविरुद्ध तक्रार करणाऱ्या पालकांच्याच मागणीवरून नागोया नगरपालिकेने सुमारे तीस हजार तरुणींची पाहणी केली. चोवीस लक्षणे विचारली गेली. लस घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही. दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. त्या मुलींचे दुखणे खोटे होते, असा याचा अर्थ नव्हे. ते दुखणे लस न घेतलेल्या मुलींनाही होते, फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते. जपानने शिफारस पूर्ववत केली ती २०२२ साली.

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कर्करोग होतो. त्यांतल्या बहुसंख्य गरीब घरच्या असतात आणि उशिरा रुग्णालयात पोहोचतात. त्यामुळे या लशीला विरोध करणे हे कष्टकरी स्त्रीच्या हिताचे राजकारण नाही. सिक्कीमने २०१८ साली शाळांतून ही लस दिली, आधी शिक्षक, पालक व डॉक्टर यांच्याशी बोलून, आणि बहुतेक साऱ्या मुलींनी ती घेतली.

म्हणून आपल्या शाखांनी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे पुढील मागण्या धराव्यात. आश्रमशाळेतील मुलीची संमती आईबापांकडून, त्यांच्या बोलीत समजावून, आगाऊ घेतली जावी. गृहपालाची सही चालू नये. टोचल्यानंतर मुली निदान पंधरा मिनिटे बसवून ठेवाव्यात, कारण या वयात सुईच्या भीतीनेच भोवळ येते आणि एक पडली की चार पडतात. कोणतीही तक्रार आली तर ती आशाताईंच्या वहीत त्याच दिवशी उतरावी, तिची चौकशी लशीशी हितसंबंध नसलेल्या डॉक्टरांकडून व्हावी आणि निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवावा. आणि ज्या गावी दवाखान्यात सर्पदंशावरचे औषध नाही, तेथे लशीची पेटी घेऊन येणाऱ्या गाडीतून तेही यावे.