गढूळ आहे, खराब नाही



शाळेच्या कार्यक्रमात बिअरवर बोलायचं म्हणजे धाडसच. पण विषय यीस्टचा, म्हणजे विज्ञानाच्या तासाचाच आहे, तेव्हा बाईंनी रागावू नये.

इथून द्वारकेवरून पुणे रोडने निघालं की नाशिकरोडच्या पुढे देवळाली. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत बसलेले गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, म्हणे. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडसर. २००९ साली पुण्यात याच नावाची मायक्रोब्रूअरी निघाली, ब्रूमास्टर जर्मन. गव्हाची 'हेफेवाइझेन' पहिल्यांदा बघणारा विचारतो, "ही गढूळ का? परत करू?"

नका करू. 'हेफे' म्हणजे यीस्ट, 'वाइझेन' म्हणजे गहू. निदान निम्मं माल्ट गव्हाचं असतं. त्यातली प्रथिनं आणि न गाळलेलं यीस्ट तरंगत राहतं, म्हणून ती धूसर. खरी गंमत वासात आहे. पिकलेलं केळं आणि लवंग! आत दोन्ही नसतात. सगळी करामत त्या खास जातीच्या यीस्टची. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा. बाटलीतली बिअर ओतताना जर्मन माणूस थोडी मागे ठेवतो, बाटली गोल फिरवतो आणि तळाचं यीस्टही ग्लासात घेतो. आपण ताक ढवळून घेतो, तसंच.

गाळलेली 'क्रिस्टलवाइझेन'ही मिळते. दिसते चकचकीत, पण मला ती अर्धीच वाटते. प्रयोगशाळेत गाळणकागदावर उरलेलं आपण फेकून द्यायचो. इथे निम्मी चव त्यातच असते.

मात्र व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर खुशाल परत करा. तो दोष यीस्टच्या माथी मारू नका, ते काम जिवाणूंचं.