साठीचा मान, साठीचे दान



पिंपरी-चिंचवडच्या अनेक घरांत आता एक प्रसंग वरचेवर येतो. वडिलांना साठ वर्षे पूर्ण होतात. मुलगा चाकणच्या कारखान्यात पाळीवर जातो, सून हिंजवडीत संगणक क्षेत्रात काम करते. दोघांची सुट्टी एका दिवशी जुळणे कठीण, आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत चाळीस पाने मांडणे त्याहून कठीण. मग वाकडच्या एखाद्या उंची हॉटेलात टेबल राखून ठेवले जाते. मंद प्रकाश, एकामागून एक येणारे पदार्थ, केक, छायाचित्रे. दोन तासांत समारंभ आटोपतो. वडील बिलाचा आकडा हळूच पाहतात आणि गप्प राहतात.

या समारंभावर टीका करणे सोपे आहे. औक्षणाची निरांजने विसरून मेणबत्त्या विझवणारा समाज, असे म्हटले की टाळ्या मिळतात. परंतु त्या मुलाची कृतज्ञता खोटी नसते. त्या एका संध्याकाळसाठी कित्येकदा त्याने जादा पाळी केलेली असते. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे डबा किंवा कारखान्याच्या कॅन्टीनमधले जेवण घेतले, त्याला एका रात्री कोणी अदबीने वाढले तर त्यात वावगे काय? हॉटेल हा प्रश्नच नाही. साठी म्हणजे काय, हे त्या टेबलाभोवती कोणाच्या तरी मनात येते का, हा प्रश्न आहे.

आपल्या कालगणनेत प्रभव ते क्षय अशी साठ संवत्सरे आहेत. माणूस साठ वर्षांचा होतो तेव्हा त्याच्या जन्मवर्षाचे संवत्सर पुन्हा फिरून येते. म्हणजे साठी हा शेवट नव्हे, तो दुसरा आरंभ आहे. म्हणूनच आपल्याकडे षष्ट्यब्दीपूर्तीची शांत करतात, सत्तरीला भीमरथशांती करतात आणि पुढे सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो. या सर्व विधींत दानाला स्थान आहे. ज्याचा सत्कार होतो, त्यानेच त्या दिवशी काही द्यायचे असते. घेणाऱ्याने दाता व्हावे, हे या विधींचे मर्म.

महाराष्ट्राने पाहिलेली सर्वांत मोठी साठी याच जिल्ह्यात झाली. २३ जुलै १९१६ रोजी पुण्याच्या गायकवाड वाड्यात लोकमान्य टिळकांची षष्ट्यब्दीपूर्ती साजरी झाली आणि लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. मंडालेची सहा वर्षांची शिक्षा भोगून ते १९१४ मध्ये परतले होते, प्रकृती मधुमेहाने खंगलेली होती. ती थैली स्वतःच्या विसाव्यासाठी ठेवली असती तरी कोणी दोष दिला नसता. टिळकांनी ती राष्ट्रकार्यासाठी वाहिली. सरकारनेही याच सुमारास आपली भेट पाठविली: वर्षभर सद्वर्तनाची हमी म्हणून वीस हजार रुपयांचा जातमुचलका का घेऊ नये, अशी नोटीस! त्या प्रकरणात बॅ. जिना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाचा हुकूम रद्द केला. होमरूल लीग तर त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्थापन झाली होती. साठीच्या उंबरठ्यावर टिळकांनी निवृत्ती स्वीकारली नाही, नवे काम अंगावर घेतले.

आज या पट्ट्यात साठी गाठणारी पिढी कोणती? १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. मराठवाडा, सातारा, कोकण, खानदेशातून आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या तरुणांनी हे नगर घडविले. त्यांच्या हातात लेथ आहे, साचा आहे, वेल्डिंगचा सराव आहे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्या हातांना काम उरत नाही. सकाळचा फेरफटका, वृत्तपत्र, नातवाची शाळेची बस आणि मग लांबलचक दुपार. हॉटेलातील झगमगत्या संध्याकाळीनंतरची ही दुपारच खरी काळजीची आहे.

चिंचवडगावात चापेकर बंधूंचा वाडा आहे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे १८९८-९९ मध्ये फासावर गेले, तेव्हा त्यांपैकी एकानेही तिशी पाहिली नव्हती. त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या समितीच्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्‌मध्ये, पद्मश्री गिरीश प्रभुणे यांच्या मार्गदर्शनाखाली, पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुले शिकतात. तेथे पुस्तकाइतकाच हाताच्या कौशल्याला मान आहे. अशा ठिकाणी एका कुशल फिटरचे आठवड्यातले दोन तास ही लाखाच्या थैलीहून लहान भेट नव्हे.

तेव्हा कुटुंबाने हॉटेलात जरूर जावे. निघण्यापूर्वी घरी देवापाशी दिवा लावावा, आईने किंवा लेकीने औक्षण करावे. जेवणाच्या खर्चाइतकी नाही, तरी त्यातील काही रक्कम वडिलांच्या हातात द्यावी आणि ती कोणाला द्यायची, हे त्यांनाच ठरवू द्यावे. आणि केक कापून झाल्यावर मुलाने एकच प्रश्न विचारावा, "बाबा, उद्यापासून काय करायचं ठरवलंय?"

त्या प्रश्नाला उत्तर मिळाले, तर साठी खऱ्या अर्थाने साजरी झाली.