दानाचा कागद



मी काही वक्ता नाही. बँकेत कारकून आहे. दिवसभर माझा संबंध सह्या, साक्षीदार आणि शिक्के यांच्याशी. म्हणून ‘दान’ या विषयावर बोलतानाही मी कागदाबद्दलच बोलणार आहे. एक उदाहरण दूरचे सांगतो, एक घरचे.

कॅनडात व्हँकुव्हर शहराजवळ फ्रेझर नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखावरील वेस्टहॅम बेटावर जॉर्ज सी. रायफेल यांनी १९२७ साली जमीन घेतली. पैसा मद्यव्यवसायातला, हे लपवण्याचे कारण नाही. बांध घालून त्यांनी ती जमीन वाढवली. रशियाच्या रँगल बेटावरून निघालेले पांढरे हिमहंस दर हिवाळ्यात याच मुखाशी हजारोंनी उतरतात. रायफेल यांच्या मुलाने १९६३ साली जागा पाणपक्ष्यांसाठी झटणाऱ्या एका संस्थेला भाडेपट्ट्याने दिली. पुढे १९७२ साली ती केंद्र सरकारकडे गेली. काही भाग विकत, काही दान. पण दोन अटींवर. जागा पक्ष्यांसाठीच राहील आणि वडिलांचे नाव कायम राहील. आज सुमारे ३०० हेक्टरचे ते अभयारण्य तीच संस्था सभासदांची वर्गणी व प्रवेश शुल्क यांवर सांभाळते.

नावाची अट कोणाला अहंकार वाटेल. मला पहिली अट मोठी वाटते. हंस कोर्टात जाऊ शकत नाही. त्याच्या वतीने कागद बोलतो.

आता घरचे. माझ्या वडिलांनी गावच्या वाचनालयासाठी दोन गुंठे जागा भरसभेत दिली. टाळ्या पडल्या, कागद झाला नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावराच्या दानाला नोंदणी केलेला दस्त आणि किमान दोन साक्षीदार लागतात. वडील गेले. सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांची नावे लागली. शेजारून डांबरी रस्ता झाला, भाव चढला. धाकटा म्हणाला, “दादा, दिल्याचा कागद कुठं आहे?”

बंधूंनो, खरे सांगतो, मी आठ महिने गप्प बसलो. लोकांना रोज कागद मागणारा मी, घरात कागद नाही म्हणून मनातून सुखावलो होतो.

शेवटी आई म्हणाली, “तुमच्या बापानं दिलं ते साऱ्या गावानं ऐकलंय. तुम्हालाच तेवढं ऐकू आलं नाही का?”

आम्ही तिघांनी बक्षीसपत्र नोंदवले. जागा वाचनालयासाठीच वापरावी, ही अट त्यात घातली. धाकट्याने सही सर्वांत आधी केली, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा दान जरूर करा, पण हयातीत करा, नोंदवून करा. आपल्या मुलांची परीक्षा मागे ठेवून जाऊ नका.

जयभीम!