लॅपटॉपला मूर्च्छा कां येते?



आज मी आपणांशीं एका यंत्राच्या दुखण्याविषयीं बोलणार आहें. दुखणें यंत्राचें खरें. परंतु तें ज्या घरांत शिरतें त्या घरांतील माणसांची झोप उडवितें, आणि कधींकधीं त्यांच्यांत भांडणेंहि लावून देतें. मी कांहीं यंत्रविद्येंतील तज्ज्ञ नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पस्तीस वर्षें खडू आणि फळा यांच्या संगतींत घालवून निवृत्त झालेला मी एक पंतोजी. तेव्हां मी जें सांगणार तें चूक करून आणि पस्तावून मिळविलेलें शहाणपण आहे. तें नभोवाणीवरून सांगावें यांतहि एक औचित्य आहे. ज्या बिनतारी लहरींनीं माझा आवाज आपल्यापर्यंत पोंचत आहे, त्यांच्याच जातीच्या लहरींशीं या दुखण्याचा संबंध आहे.

आमच्या घरीं एक लॅपटॉप आहे. सकाळीं त्यावर मी जुन्या विद्यार्थ्यांना पत्रें लिहितों, संध्याकाळीं दहावींत शिकणारा माझा नातू अभ्यासाचीं व्याख्यानें पाहतो, आणि रात्रीं आम्ही नवराबायको परदेशीं असलेल्या मुलीशीं बोलतों. गेल्या पावसाळ्यांत या यंत्राला एकाएकीं मूर्च्छा येऊं लागली. चालतां चालतां सबंध पडदा निळा होई, त्यावर इंग्रजींत चार ओळी उमटत, आणि यंत्र बंद पडून आपोआप पुन्हां सुरू होई. जतन न केलेलें लिखाण अर्थातच नाहींसें होई.

वर्गांत कांच फुटली कीं शेवटच्या बांकाकडे पाहावयाचें, ही माझ्या डोळ्यांची जुनी खोड. मीं नातवाला बोलाविलें आणि म्हटलें, "तूं यांत कसलेतरी खेळ भरले असले पाहिजेस." तो म्हणाला, "आजोबा, मीं खरोखर कांहीं केलेलें नाहीं." मला तें पटलें नाहीं. लॅपटॉपला हात लावावयाचा नाहीं, अशी मीं त्याला ताकीद दिली. पुढें दोन दिवस तो माझ्याशीं जेवणापुरतेंच बोलला.

मग मीं यंत्र एका दुकानांत नेलें. दुकानदारानें तें दहा मिनिटें चालवून पाहिलें. त्या दहा मिनिटांत त्याला कांहींच झालें नाहीं. तरीहि "मदरबोर्ड बदलावा लागेल, चौदा हजार रुपये पडतील," असें त्यानें सांगून टाकलें. नाडी न पाहतां शस्त्रक्रिया सुचविणारा हा वैद्य मला मानवला नाहीं. घरीं परततांना मनांत आलें, एकावर मीं पुराव्यावांचून आरोप ठेवला आहे, आणि दुसऱ्याला पुराव्यावांचून पैसे देण्यास निघालों होतों. हजेरीपुस्तक पाहिल्याशिवाय शाळेंत आम्ही कोणाला गैरहजरहि ठरवीत नव्हतों. मग या यंत्राचें हजेरीपुस्तक कोठें आहे?

त्याच संध्याकाळीं मीं एक वही घातली व तींत चार रकाने आंखले. मूर्च्छा केव्हां आली, त्या वेळीं यंत्रासमोर कोण होतें, काय काम चाललें होतें, आणि पडद्यावर कोणते शब्द उमटले. लॅपटॉप पुन्हां सर्वांस खुला केला. पुढील दहा दिवसांत आठ वेळां मूर्च्छा आली. त्यांपैकीं नातू समोर असतांना फक्त दोनदां. चार वेळां मुलीशीं बोलतांना. आणि दोनदां मी स्वतः वर्तमानपत्र वाचीत असतांना. वायफाय बंद ठेवून मी पत्रें लिहीत बसें, त्या एकाहि सकाळीं कांहीं झालें नाहीं. शिवाय आठांपैकीं तीन वेळां लॅपटॉपचें झांकण उघडल्यावर चारपांच मिनिटांतच यंत्र कोसळलें होतें. आणि सहा वेळां पडद्यावर एकाच फाइलचें नांव होतें. त्याच्या शेवटीं 'डॉट एसवायएस' अशीं अक्षरें होतीं. तें नांव बिनतारी कार्डाच्या ड्रायव्हरचें आहे, असें शोध घेतां कळलें.

आतां हा ड्रायव्हर म्हणजे काय तें पाहूं. लॅपटॉपच्या पोटांत बहुधा बोटाच्या दोन पेरांएवढें एक पातळ कार्ड असतें. तें एक छोटेंसें नभोवाणी-केंद्रच म्हणावयाचें. नभोवाणीचीं मध्यम लहरींचीं केंद्रें सेकंदास सुमारें ५ ते १६ लाख आंदोलनांवर बोलतात. हें कार्ड सेकंदास सुमारें २४० कोटी किंवा ५०० कोटी आंदोलनांच्या लहरींवर घरांतील राउटरशीं संभाषण करतें. प्रत्येक कारखान्याचें कार्ड निराळें आणि त्याची बोलीहि निराळी. विंडोज या कार्यप्रणालीला त्या सर्व बोली कोठून येणार? म्हणून कार्ड तयार करणारी कंपनी त्याच्याबरोबर एक दुभाषा देते. त्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात.

पण एका दुभाष्याच्या चुकीनें सारा दरबार कां बरखास्त व्हावा? याचें उत्तर असें. वाड्यांत भाडेकरू असतात आणि घरचीं माणसें असतात. भाडेकरूला आपल्या खोलीपलीकडे मज्जाव असतो. त्याला भोंवळ आली तर त्याच्या खोलीपुरतेंच काम अडतें. घरच्या माणसांजवळ मात्र सगळ्या वाड्याच्या किल्ल्या. लिहिण्याच्या, चित्रें पाहण्याच्या आज्ञावली या भाडेकरू होत. बिनतारी कार्डाचा ड्रायव्हर हा घरचा माणूस. तो चुकला तर चूक माजघरांत होते.

माझ्या पडद्यावर वारंवार उमटणारे शब्द होते, 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल'. ऐकून धडकी भरावी असे हे शब्द. परंतु त्यांचा आशय साधा आहे. तातडीच्या कामांत असलेल्या कारकुनानें मेजावरच्याच कागदांना हात लावावा, तळघरांतील दप्तर काढावयास जाऊं नये, असा दंडक समजा. यंत्राच्या स्मृतींतील कांहीं भाग विंडोज प्रसंगीं डिस्कवर, म्हणजे तळघरांत, नेऊन ठेवते. तातडीच्या क्षणीं ड्रायव्हरनें अशा जागेला, किंवा मुळांतच चुकीच्या जागेला, हात घातला कीं विंडोज सर्व काम थांबविते. पुढें चालूं दिल्यास आपले कागदपत्र बिघडण्याचें भय असतें. म्हणजे निळा पडदा हा पूर आंत शिरूं नये म्हणून घातलेला बांधच होय. २०२५ सालीं विंडोज ११ मध्यें हा पडदा काळा करण्यांत आला; रंग बदलला, काम तेंच राहिलें.

माजघरांतील चूक केवढी महाग पडते याचा अनुभव १९ जुलै २०२४ रोजीं साऱ्या जगानें घेतला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीस एक सदोष सुधारणा पाठविली गेली आणि सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें कोसळलीं. आपल्या देशांतील कांहीं विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेथें बिनतारी ड्रायव्हरचा संबंध नव्हता. परंतु ती आज्ञावलीहि त्याच्याप्रमाणेंच माजघरांत वावरणारी होती.

बिनतारी ड्रायव्हरचें काम विशेष नाजूक असतें. झांकण मिटलें कीं त्यानें कार्डाला झोपवावयाचें, उघडलें कीं जागें करावयाचें. मध्येंच वीज वांचवावयाची, आणि चलच्चित्र चालूं असतांना माहितीचा लोंढाहि आवरावयाचा. माझ्या वहींतील वेळा याच कामांशीं जुळत होत्या. तरीहि मीं लगेच निकाल दिला नाहीं. पडद्यावर नांव आलेला ड्रायव्हर हा साक्षीदार समजावा. कधींकधीं दुसऱ्याच कोणीतरी स्मृति बिघडविलेली असते आणि सांपडतो भलताच.

म्हणून परीक्षा घेतली. स्टार्टच्या चिन्हावर माउसचें उजवें बटण दाबलें म्हणजे 'डिव्हाइस मॅनेजर' सांपडतो. त्यांत 'नेटवर्क अॅडॅप्टर्स' या सदराखालीं बिनतारी कार्डाचें नांव असतें. त्यावर पुन्हां उजवें बटण दाबून 'डिसेबल' केलें, आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत तार ओढून काम चालविलें. पांच दिवस मुलीशीं बोलणें झालें, व्याख्यानें झालीं. एकदांहि मूर्च्छा आली नाहीं. सहाव्या दिवशीं तार काढून कार्ड पुन्हां चालूं केलें, आणि त्याच रात्रीं यंत्र कोसळलें. कारण काढून घेतल्यावर रोग थांबतो आणि परत दिल्यावर परततो, याहून चांगला पुरावा आम्हां सामान्यांच्या हातीं नाहीं. मग 'रिलायबिलिटी मॉनिटर' नांवाचें विंडोजचें स्वतःचेंच रोजनामचें उघडलें. पहिल्या मूर्च्छेच्या आदल्याच दिवशीं त्या कार्डाचा नवा ड्रायव्हर आपोआप येऊन बसल्याची नोंद तेथें होती. घरांतील कोणीहि त्याला हात लावलेला नव्हता.

आतां उपाय. प्रथम आपलीं महत्त्वाचीं कागदपत्रें दुसऱ्या ठिकाणीं उतरून ठेवावीं. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्यें त्या कार्डाच्या नांवावर दोनदां टिचकी मारून 'ड्रायव्हर' हें पान उघडावें. तेथें 'रोल बॅक ड्रायव्हर' हें बटण असतें. त्यानें पूर्वींचा ड्रायव्हर परत येतो. माझें काम एवढ्यानेंच झालें. तें बटण फिकें दिसत असेल, तर जुना ड्रायव्हर यंत्रांत उरलेला नाहीं असें समजावें. अशा वेळीं लॅपटॉप करणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून, आपल्या लॅपटॉपचा नेमका नमुना-क्रमांक पाहून, योग्य ड्रायव्हर उतरवून घ्यावा. येथें एक सावधगिरी बाळगावी: तो आधीं पेन ड्राइव्हवर ठेवावा, आणि मगच सदोष ड्रायव्हर काढावा. नाहीं तर दोर कापल्यावर पोहरा शोधण्याची पाळी येते. बिनतारी जोडणीच गेल्यावर नवा ड्रायव्हर आणावयाचा कोठून?

जुना ड्रायव्हर बसल्यावर विंडोजची आपोआप होणारी सुधारणा कांहीं काळ थांबवून ठेवावी, म्हणजे तोच सदोष ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीं परत येत नाहीं. ही तहकुबी एका वेळीं जास्तींत जास्त पांच आठवड्यांची असते. ती कायमची करूं नये, कारण सुरक्षिततेच्या सुधारणाहि त्याच वाटेनें येतात. डिव्हाइस मॅनेजरमध्यें 'पॉवर मॅनेजमेंट' हें पान दिसत असल्यास, वीज वांचविण्यासाठीं कार्ड बंद करण्याची परवानगी काढून घ्यावी. झांकण उघडल्यावर येणारी मूर्च्छा कधींकधीं तेवढ्यानेंहि जाते.

यंत्र इतक्या लवकर कोसळत असेल कीं हें कांहींच करतां येत नाहीं, तर शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावें व पुढें 'सेफ मोड'मध्यें जावें. साध्या सेफ मोडमध्यें अगदीं आवश्यक तेवढेच ड्रायव्हर जागे होतात. बिनतारी ड्रायव्हर निजलेला असतो. तेथें यंत्र तासभर स्थिर राहिलें तर आपला संशय बळावतो. मात्र या वाटेनें जातांना कांहीं यंत्रें ४८ अंकांची बिटलॉकरची किल्ली मागतात. ती आधींच कागदावर उतरून ठेवावी.

आणि कार्ड बंद ठेवूनहि मूर्च्छा येतच राहिली, तर ड्रायव्हरला निर्दोष सोडावें आणि स्मृति, धूळ, उष्णता यांच्याकडे वळावें. स्मृति तपासण्याचें 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हें साधन विंडोजबरोबरच येतें. कार्डच नादुरुस्त ठरलें, तर यूएसबींत खोंचावयाचें लहानसें वायफाय उपकरण थोडक्या खर्चांत मिळतें. त्यासाठीं मदरबोर्ड बदलण्याचें कारण नाहीं.

एका फसवणुकीविषयींहि सांगावयास हवें. कोठलेंसें पान उघडतांना निळा पडदा दिसावा आणि त्यावर 'या क्रमांकावर फोन करा' असें लिहिलेलें असावें, तर तो ठकाचा सांपळा जाणावा. विंडोजचा खरा पडदा कोणाचाहि दूरध्वनी क्रमांक देत नाहीं. तसेंच 'सारे ड्रायव्हर फुकट सुधारून देतों' म्हणणाऱ्या अनोळखी आज्ञावलींना घरांत घेऊं नये. माजघराच्या किल्ल्या कोणाच्या हातीं द्यावयाच्या, हा विचार वाड्याच्या मालकानेंच करावयाचा असतो.

माझा लॅपटॉप त्यानंतर दोन महिने सुरळीत चालला आहे. ज्या दिवशीं दुरुस्ती झाली त्याच संध्याकाळीं मीं नातवाला बोलावून ती वही दाखविली, आणि त्याची क्षमा मागितली. तो बराच वेळ पानें चाळीत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही मला ताकीद दिली होतीत, त्या दोन दिवसांची नोंद यांत नाहीं." त्याचें म्हणणें खरें होतें. वही त्यानंतर सुरू झाली होती. मीं पेन घेऊन पहिल्या पानाच्या वरच्या कोऱ्या जागेंत त्या दोन तारखा लिहिल्या, आणि पुढें लिहिलें, 'दोष नातवाचा नव्हता.'

आपल्या घरीं कधीं असा प्रसंग आला, तर वही पहिल्याच दिवशीं घालावी, एवढीच माझी विनंती आहे.